खांबाला बांधलेली थरथर

माझा धाकटा भाऊ महेंद्र हुशार होता. शहाणा होता असं मात्र मी कधी म्हटलं नाही. हुशार माणसाला एखादी गोष्ट जमत नसली की झोप लागत नाही, शहाण्याला ती सोडून देता येते. महेंद्रला काही म्हणजे काही सोडता यायचं नाही. लहानपणी दातात उसाचा धागा अडकला तर पोरगं दुपारभर जेवायचं नाही, काडी घेऊन बसायचं. आई म्हणायची, असू दे रे, जाईल आपोआप. हा म्हणायचा, आपोआप कसा जाईल?

मी आक्काबाई. पुणतांब्याला अंगणवाडीत पोरं सांभाळते, म्हणून चारचौघांत जरा नीट बोलते. चिडले की मग आमची बोली आपोआप बाहेर येते. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले आणि महेंद्रच्या घराला लागून पत्र्याची खोली बांधून राहिले. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. त्याच्या घरात वाटी पडली तरी मला कळायचं. तेव्हा हे जे सांगते आहे ते कुणाकडून ऐकलेलं नाही.

महेंद्रचं घर धाब्याचं. आमच्या वडिलांनी, भीमराजांनी, बांधलेलं. दगडमातीच्या भिंती, सोप्याच्या मधोमध बाभळीचा एक जाड खांब, खांबावर आडवी तुळई, तुळईवर फळ्या आणि काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. ही पांढरी पाणी आत येऊ देत नाही. म्हणून दरवर्षी उन्हाळा सरता सरता तिचा नवा थर धाब्यावर टाकायचा असतो. जुना थर कुणी काढत नाही. वडील असताना पांढरी टाकली, आई असताना टाकली, महेंद्रचं लग्न झालं तेव्हा तर मांडवाबरोबर टाकली. आपल्या डोक्यावर किती माती साठली आहे याचा हिशोब कुठलंच घर ठेवत नाही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मात्र सगळे मान वर करून आपापल्या धाब्याकडं बघायला लागले होते. तिकडची माणसं भूकंपानं नाही, आपल्याच धाब्याच्या मातीखाली गेली, असं जो तो सांगत होता. गावातले लोक काही दिवस अंगणात झोपले. मग थंडी पडली, आणि सगळे आपापल्या धाब्याखाली परत गेले. आम्हीही गेलो. जाणार कुठं?

महेंद्र श्रीरामपूरच्या एमआयडीसीत कामाला होता, सीएनसी मशीनवर. म्हणजे काय, तर कॉम्प्युटर सांगतो तसं मशीन आपलं आपण लोखंड कापतं, माणूस नुसता उभा राहून लक्ष ठेवतो. त्या मशीनचं वेड महेंद्रच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. असलं मशीन घरी बनवायचं. लोखंडाचं नको, लाकूड कोरणारं का होईना, पण स्वतःचं. मी म्हटलं, "आरं, कारखान्यात दिवसभर त्याच्याच तोंडाकडं बघतुस, घरी तरी बायकूच्या तोंडाकडं बघ की!" माधुरी, त्याची बायको, हसली आणि आत गेली. तो पण हसला. हसण्यावारी नेलं की त्याला वाटायचं परवानगी मिळाली.

भंगारातून तो एकेक वस्तू आणत गेला. मोडीत निघालेल्या कुठल्याशा मशीनच्या दोन मोटरी, जुन्या लेथचे आट्याचे दांडे, चौकोनी पाइप, कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर, त्याचा पडदा नुसता हिरवा. कोरायची पाती फिरवायला ड्रिल मशीनची मोटर पट्ट्यावर बसवली. सोप्यात, खांबाशेजारी, हे सगळं उभं राहिलं. खाटेएवढं असेल. सुरू केलं की एक दांडा पुढं जायचा, एक मागं यायचा, आणि सगळा सांगाडा हुडहुडी भरल्यासारखा कापायचा.

त्याच वर्षी गावात आमच्या लोकांनी विहार बांधायला काढलं होतं. सागवानी दार केलेलं. दारावर धम्मचक्र हवं, असं बैठकीत ठरलं. नाशिकहून कारागीर आणायची बोलणी चालली होती, एवढ्यात आमचे हे बंधुराज उभे राहिले. म्हणाले, "चक्र मी कोरतो. मशीनवर. चोवीसच्या चोवीस आरे एकसारखे. हातानं कुणाच्या बापाला जमायचं न्हाई." टाळ्या पडल्या. दसऱ्याला दार बसणार होतं.

पहिलं चक्र त्यानं आंब्याच्या फळीवर कोरून बघितलं. मी बघायला गेले. गोल तर झालं होतं, पण आऱ्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. पाती लाकडाला लागली की सांगाडा थरथरायचा, आणि ती थरथर लाकडात उमटायची. महेंद्रनं फळीवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला. दोन घास खाऊन उठला.

मग सुरू झालं सांगाडा घट्ट करणं. कोपऱ्याकोपऱ्यात त्यानं तिकोनी पट्ट्या जोडल्या. थरथर कमी झाली, गेली नाही. चौकोनी पाइपांत गोदावरीची वाळू आणि सिमेंट ठासून भरलं. अजून कमी झाली, गेली नाही. खाली शहाबादी फरशी घातली. कारखान्यातून घड्याळासारखं एक यंत्र आणलं होतं, ते सांगाड्याला टेकवायचं. सांगाडा केसभर हलला तरी काटा हलायचा. काटा हलतोय, महेंद्र बघतोय, काटा हलतोय, महेंद्र बघतोय. मला त्या काट्याचा राग यायला लागला होता.

आसाराम म्हणून एक जण आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवतो. तो एकदा येऊन बघून गेला. म्हणाला, "सांगाडा घट्ट हाय रे, भुई पोकळ हाय. शेनानं सारवलेली जमीन तुझं मशीन धरील व्हय? माझी गिरणी बघ. कमरेएवढा खड्डा घेऊन सिमेंटात गाडली हाय. तसा पाया घे."

महेंद्रला ते पटलं. कुदळ आणली. खांबाशेजारचीच जागा, तिथं खणायला वाकला, तर माधुरी उंबऱ्यातून ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"तितं न्हाई! तितं माझ्या यशूची वार पुरलीय!"

हे समजून घ्या. यशोधरा ही माधुरीची तिसरी. पहिली दोन हातात आली आणि गेली. ही जगली. घरीच जन्मली, आणि सुईणीनं रीतीप्रमाणं तिची नाळेबरोबर पडलेली वार सोप्यातच, खांबाच्या कडेला पुरली. वार पुरलेली जागा उकरायची नसते, उकरली तर लेकराला जड जातं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. महेंद्र म्हणाला, आपण बाबासाहेबांची माणसं, असलं मानतो का? माधुरी म्हणाली, "तुमी नका मानू. दोन गेली तेव्हा तुमी कारखान्यात हुता. मी घरात हुते." मलाही वाटलं, बाई, राहू दे तो खड्डा. कुदळ त्यानं भिंतीला टेकवली.

चार दिवस तो येता-जाता जमिनीवर टाच आपटून बघत राहिला. पाचव्या दिवशी कारखान्यातून आला, चहाही न पिता खांबासमोर उभा राहिला आणि खांबावर थाप मारली.

"आक्का, ह्यो खांब बघ. बापाच्या काळापासून तसूभर हलला न्हाई. पाया काय करायचाय? मशीन ह्यालाच आवळतो. समदं घरच मशीनचा सांगाडा!"

मी म्हटलं, "मेल्या, घराला हात लावू नकुस."

"हात कुटं लावतोय? नुसते बोल्ट."

नुसते बोल्ट! त्यानं खांबाला आरपार भोकं पाडली, एकाखाली एक, सरळ ओळीत. खांबाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावल्या, मशीनचे दोन उभे पाइप त्या पट्ट्यांना जोडले आणि बोल्ट असे आवळले की पान्याला नळी लावून सगळं अंग टाकलं. भोकं पाडताना मी तिथंच होते. सुरुवातीला पांढरट भुसा आला. मग आतून काळसर, मऊ, मिशरीसारखी पूड खाली पडली, आणि ड्रिल लोण्यातून जावं तसं आत गेलं. मी चिमटीत घेऊन बघितली.

"हे काय रं?"

"जुनं लाकूड हाय. असायचंच."

वाळवी म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, की त्याला खरंच कळलं नाही, देव जाणे. पट्ट्या बसल्या आणि भोकं झाकली गेली.

मग मशीन सुरू केलं. काटा हलला नाही. त्यानं पाती लाकडावर आणली, लाकडाच्या ढलप्या उडाल्या, तरी काटा जागचा हलला नाही. महेंद्र लहान पोरासारखा टाळी पिटून हसला. त्याच वेळी माझ्या खोलीत, भिंतीच्या पलीकडं, मांडणीवरची पातेली किणकिण वाजायला लागली. मी धावत जाऊन हात लावला तर मांडणी नाही, भिंतच थरथरत होती. किल्लारीच्या त्या पहाटे अशीच भांडी वाजली होती.

मी परत येऊन त्याला म्हटलं, "आरं, थरथर गेली न्हाई. तुज्या मशीनमधून निघाली आन घरात शिरली."

तो म्हणाला, "मशीनमधून निघाली ना? मंग झालं!"

आता पाळण्याचं सांगते. यशूचा पाळणा तुळईलाच टांगलेला, सोप्याच्या आतल्या बाजूला, मशीनपासून चार हात. पोरगी रडवी. पाळणा हलवून हलवून माधुरीचे हात गळून जायचे. त्या दिवशी मशीन सुरू झालं, आणि तुळईतून दोरीत, दोरीतून पाळण्यात ती बारीक थरथर उतरली. यशू रडता रडता थांबली. डोळे मोठे केले, मुठी सोडल्या, आणि झोपली. माधुरीनं पाळण्याच्या दांडीला हात लावून बघितलं आणि माझ्याकडं बघून गालात हसली. तिथंच सगळं फसलं. घरात महेंद्रला अडवणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला मशीननं लेकराची झोप दिली.

पुढं तर पोरीला त्याशिवाय झोपच येईना. चक्राचं काम नसलं तरी माधुरी म्हणायची, "आवो, जरा मशीन लावा की, पोरगी किरकिर करतीय." आणि हा रिकामंच मशीन फिरवत ठेवायचा. टेबल पुढं, टेबल मागं. मी पलीकडं भिंतीला पाठ लावून निवडत बसले की ती थरथर माझ्या मणक्यात चढायची.

मग माती झरायला लागली. एकदम नाही. आधी सकाळी अंथरुणावर पिठासारखी पांढरी धूळ. मग मशीनच्या टेबलावर, मग ताटात. एकदा यशूच्या पापण्यांवर. माधुरीनं पदरानं पुसली आणि घाबरून मला हाक मारली. मी वर बघितलं. धाब्यातल्या काटक्यांमध्ये चिमण्यांची घरटी असायची, वर्षानुवर्षांची. ती रिकामी होती. चिमण्या कधी निघून गेल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

धाब्याच्या घरात माती पडू लागली की खालून कापड बांधायचं, ही आमच्याकडची पद्धत. माधुरीनं आईचं जुनं हिरवं लुगडं काढलं आणि तुळईखाली चारी बाजूंनी खिळे मारून ताणून बांधलं. छान दिसलं. लग्नघराचा मांडव असतो ना, तसं. पाळण्यावर माती पडायची बंद झाली, आणि तुळईही दिसायची बंद झाली.

लुगड्याला हळूहळू पोट आलं. आठवड्याला ते सोडायचं, साठलेली माती घमेल्यात घ्यायची, परत बांधायचं. आता ही माती फेकतात होय? पांढरी ती, घराची. आमच्या शेजारचे रंभाजीमामा गावातले धाबे बघतात, ते येऊन घमेली वर न्यायचे आणि पडलेली माती परत धाब्यावर पसरून चोपायचे. शिवाय उन्हाळ्याच्या शेवटाला नेहमीचा नवा थर घातला तो वेगळाच. पावसाळ्यात एक थेंब गळला नाही. मामा अभिमानानं म्हणाले, "आक्काबाई, थर असा बसलाय, घरावर हत्ती उभा करा." मी म्हटलं, "मामा, शुभ बोला, हत्ती कशाला उभा करताय!"

भाद्रपदात झड लागली. वरची माती पाणी पिऊन बसली. महेंद्रच्या घराचं दार खाली घासायला लागलं, लावताना खांद्यानं ढकलावं लागायचं. यानं काय करावं? रंधा घेतला आणि दार खालून तासलं. दोन दिवस बरं लागलं, तिसऱ्या दिवशी परत घासायला लागलं. परत तासलं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "महेंद्र, दार वाढत न्हाई. चौकट खाली येतीय. आसारामला बोलीव, रंभाजीमामाला बोलीव, कुनालाबी बोलीव. ह्यो मशीनचा फास खांबाच्या गळ्यातून काढ." मी खरंच ओरडले. त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला.

माझा हात त्यानं हातात धरला. म्हणाला, "आक्का, शेवटचं चक्र चालू हाय. सागवानावर. आता सोडलं तर परत जुळायचं न्हाई. एवढं झालं की लगेच बोल्ट काढतो. यशूच्या शपत."

"लेकराची शपत घेऊ नकुस."

"मंग माझी घे."

माधुरी पाळण्याशी उभी होती. ती म्हणाली, "आक्का ऐकत्यात का न्हाई ठाऊक न्हाई, मी ऐकलंय. चक्र विहारात गेलं की त्याच दिवशी बोल्ट काढायचे." तो म्हणाला, व्हय. त्या दिवसापासून यशू पाळण्यात असली की माधुरी बाजूला हलायची नाही. माझं तर अंगणवाडीत चित्त नसायचं. पोरं बडबडगीतं म्हणायची आणि माझे कान गल्लीकडं.

चक्र झालं. दसऱ्याच्या थोडं आधी, सकाळी. मी त्याच्यावर कितीही चिडले असले तरी खोटं बोलणार नाही, असं काम मी पाहिलेलं नाही. चोवीस आरे, सुरीनं कापल्यासारख्या कडा, कुठं म्हणून थरथर नाही. चादरीत गुंडाळून त्यानं आणि रंभाजीमामांनी ते विहारात नेलं. लोक एकेक आऱ्यावरून बोट फिरवून बघत होते. महेंद्र बाजूला उभा होता, हात कुठं ठेवावेत हे कळत नसल्यासारखा. मला बघून म्हणाला, "आक्का, बोट फिरव की." मी फिरवलं. मला रडू आलं, ते मी त्याला दिसू दिलं नाही. उगाच शेफारला असता.

दुपारी जेवणं झाली. यशू किरकिरत होती म्हणून त्यानं रिकामं मशीन लावलं, पोरगी पाळण्यात झोपली. माधुरी म्हणाली, "झालं का? शपत ध्येनात हाय ना?"

"हाय की. वचन म्हंजे वचन." पान्यांची पिशवी काढून त्यानं मशीन बंद केलं.

मी माझ्या दारात लिंबाखाली बसून मेथी निवडत होते. भिंतीतली थरथर थांबली ते मला बसल्याजागी कळलं. इतक्या महिन्यांची सवय, एकदम सगळं मुकं झाल्यासारखं वाटलं. आणि यशू दचकून उठली. अशी रडली, अशी रडली की बोलायची सोय नाही. माधुरीनं पाळणा हलवला, गाणं म्हटलं, छातीशी धरलं, पोरगी ऐकेना. तिला ती थरथर हवी होती. महेंद्र आतून वैतागून म्हणाला, "आगं भायेर ने तिला, माझं ध्यान लागंना." माधुरी तिला घेऊन लिंबाखाली माझ्याजवळ आली.

आतून पान्याचा आवाज येत होता. एक बोल्ट सुटला, लोखंडावर टण्णकन पडला. मग दुसरा. मग आणखी. मला हायसं वाटलं. खरंच सांगते, कितीतरी दिवसांनी मला हायसं वाटलं. मी यशूला मेथीची काडी दाखवून खेळवायला लागले.

मग त्याचा आवाज आला. चिडलेला नव्हता, नवल वाटल्यासारखा होता.

"आक्का, ह्यो शेवटचा सुटंना. मी आवळला त्याच्यापेक्षा लई घट्ट झालाय. वरून कशाचा तरी भार आलाय ह्याच्यावर."

मला त्यातलं काय कळणार? मी म्हटलं, "मंग थांब, आसारामला हाक मारते."

"कशाला? नळी लावतो पान्याला."

मी उठले होते. मेथी मांडीवरून खाली सांडली. आतून एक कर्रर असा आवाज आला, लाकडाचा. आणि मग घर खाली बसलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही हो. गोणी टाकल्यासारखा धप्पकन आवाज झाला, आणि दारातून, खिडकीतून पांढरी धूळ बाहेर आली, इतकी की लिंबाखाली बसलेली माधुरी मला दिसेना. फक्त यशूचं रडणं ऐकू येत होतं.

सगळी गल्ली धावली. हातांनी, घमेल्यांनी, पाट्यांनी माती उपसली. घरापुरती नव्हती ती माती. वडिलांची, आईची, लग्नाची, आणि आमच्या लुगड्यातून परत वर नेलेली, सगळी एकदम खाली आलेली. रंभाजीमामा उपसता उपसता मोठ्यानं रडत होते. महेंद्र सापडला तेव्हा अंग गरम होतं, पण तो गेला होता. नाकातोंडात पांढरी. आईचं हिरवं लुगडं त्याच्या अंगावर पडलेलं होतं. पाळण्याची जागा तुळईखाली गेली होती. पाळण्याच्या लाकडाच्या चिरफळ्या झाल्या होत्या. माधुरीनं त्या बघितल्या, आणि ती खाली बसली ती उठेना.

मशीन उभं होतं. कुठं वाकलं नव्हतं, कुठं मोडलं नव्हतं. खांब मात्र भोकांच्या ओळीतून उभा चिरलेला, वरपासून खालपर्यंत, आत सगळी काळी पूड. आसारामनं त्या चिरेत हात घालून बघितला. चीर ताजी नव्हती, आत धूळ बसलेली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "आक्काबाई, खांब कवाच गेला हुता. लोखंडी पट्ट्यांनी त्याला धरून ठिवलं हुतं. मशीन घराला बांधलं न्हवतं, घर मशीनवर टेकलं हुतं." म्हणजे माझा भाऊ शब्द पाळायला गेला आणि घराचा आधारच सोडवत बसला.

माझा राग कुणावर काढू? त्याच्यावरच काढते. अजून काढते. रोज भांडते त्याच्याशी मनातल्या मनात. म्हणते, मेल्या, बोल्ट सुटंना तर थांबायचं होतंस! एक तरी गोष्ट आयुष्यात सोडून द्यायची होतीस! माधुरी एकदा म्हणाली, "मी खणू दिलं असतं तर..." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, हे परत बोललीस तर माझ्याशी गाठ आहे. तरी तिच्या डोळ्यांत ते रोज दिसतं.

दसऱ्याला विहाराला दार बसलं. चक्र दारावर आहे, कुणीही जाऊन बघावं. मशीन कारखान्यातले त्याचे सोबती येऊन घेऊन गेले, त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं.

मधली भिंत तेवढी उभी राहिली, माधुरी आणि यशू आता माझ्याजवळ राहतात, पत्र्याखाली. पत्रा हलका असतो. पण पोरगी झोपेना. दिवस दिवस डोळे तारवटून रडायची, अंगात ताप भरायचा. एकदा दळण न्यायला मी तिला कडेवर घेऊन आसारामच्या गिरणीत गेले. गिरणी चालू होती. मी ओट्यावर टेकले, आणि यशूनं माझ्या खांद्यावर मान टाकली. दळण होईपर्यंत गाढ झोपली. आसारामनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गिरणीच्या पायाशेजारी एक गोणपाट अंथरून ठेवलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघी तिला घेऊन तिथं जातो. एका बाजूला माधुरी बसते, एका बाजूला मी. खालून जमीन थरथरत असते, आणि पोरगी झोपलेली असते. माधुरी कधी कधी जमिनीवर पालथा हात ठेवून बसते. वीज गेली किंवा दळण संपलं की गिरणी थांबते, यशू दचकून उठते आणि रडायला लागते. आणि आम्ही दोघी तिला उचलून बाहेर रस्त्यावर पळतो. आसारामच्या गिरणीला सिमेंटचा स्लॅब आहे, नवा आहे, तो पडणार नाही हे आम्हाला माहीत आहे. तरी पळतो.